मुठीतला दगड

मी दगड बोलतोय. माणसाच्या डोक्यात काही शिरलं नाही की तुम्ही माझं नाव घेता. घ्या खुशाल. पण मी जे ऐकलंय ते तुम्ही ऐकलं असतंत, तर पुन्हा माझं नाव घ्यायची लाज वाटली असती.

नदीत लोळून गुळगुळीत झालो होतो, सुखात होतो. एका बाईनं उचललं. ती नवरा-बायकोला समोरासमोर बसवून त्यांचं बिनसलेलं बोलून सोडवते. तिचा नियम साधा. ज्याच्या हातात दगड, त्यानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. पाच मिनिटं झाली की दगड समोरच्याला. मला अडाण्याला कळलं, शिकलेल्यांना कळत नाही.

एक घड्याळजी आला. बायको नर्स. दवाखान्यातला एक्स-रेवाला तिला स्कूटरवरून घरी सोडतो, एवढ्यावर या गड्याचं पित्त खवळायचं. बाईनं सरावासाठी मला त्यांच्या घरी धाडलं. आठ दिवस पठ्ठ्यानं मला सोडलं नाही. "सव्वासहाला निघालीस, पावणेसातला पोचलीस. वाट वीस मिनिटांची. दहा मिनिटं कुठं होतीस?" ती बोलायला गेली की मला नाचवायचा, "दगड माझ्याकडे आहे." दुकानात जाताना खिशात घालायचा. त्याच्या घामानं चिकट झालो मी. अंगाचा नुसता संताप, पण एक ठेवून द्यायला मला हात कुठाय?

पुढच्या भेटीला नर्स बॅग भरूनच आली. "बाई, मी इथून आईकडे चालले. यांना यांचा दगड लखलाभ."

बाई त्याला म्हणाली, "आज प्रश्न विचारायचे नाहीत. भीती कसली वाटते, तेवढं सांगा."

"मी कुणाच्या बापाला भीत नाही." मग बराच वेळ मला चोळत बसला. "त्या स्कूटरवर ही हसत असते. माझ्यासमोर हसली त्याला वर्ष झालं."

आणि कुणी न सांगता त्यानं मला तिच्या हातात ठेवलं.

 त्यानं मला परत मागितलं नाही, नवलच. ती म्हणाली, "रोज हजेरी घेतल्यावर हसू कुठून आणू? उद्या मला दवाखान्यातून न्यायला या. घड्याळ दुकानात काढून ठेवा."

बॅग घेऊन ती गेलीच आईकडे.

परवा दोघं एकत्र आली. त्याच्या मनगटावर घड्याळाच्या जागी नुसती न रापलेली पांढरी खूण. बॅग अजून आईकडेच आहे म्हणे. बरोबर आहे, घाई कसली?

मी टेबलावर पडून पुढच्या भांडखोरांची वाट बघतोय. राग गेलेला नाही माझा. एकच सांगतो, धरता येतं तसं सोडायलाही शिका. मी दगड असून तुमच्या मुठीत गुदमरलो. ती तर माणूस आहे.