मेथोडीची पाच काडतुसं

"चुकलंच होतं बाबांचं," लेस्या म्हणाली, तशी पारास्काने लाटणं आपटलं.

"माणसाला जाऊन चाळीस दिवस व्हायचेत अजून. उद्या चर्चमध्ये चाळिसाव्याची प्रार्थना आहे. आणि तू आज माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या चुका काढतेस?"

लेस्या पन्नाशीची बाई, पण आईपुढे तिचा आवाज आपोआप खाली यायचा. टेबलावर वडिलांची, मेथोडीची, रायफल आडवी पडली होती. सैन्यातून निघालेली जुनी गॅरंड. शेजारी तिच्या पोलादी क्लिपा. काडतुसं भरलेली अख्खी क्लिप वरून रायफलीत दाबायची. शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' करून बाहेर उडायची. क्लिप मुळात आठ काडतुसांची. मेथोडीने प्रत्येकीत पत्र्याची पट्टी डाखाने झाळून ती पाचावर आणली होती.

"बंदुकीच्या परवान्याच्या वर्गात आम्हाला शिकवलं, आई. एका वेळी पाचच काडतुसं भरायची, ही मर्यादा खरी आहे. पण हिला सूट आहे, कायद्यात नाव घेऊन दिलेली. जुनी लष्करी रायफल म्हणून. हिला आठ चालतात. पहिल्यापासून चालत होती."

पारास्का वारेनिकी करत होती, पाण्यात उकडायच्या करंज्या. एका पारीत बटाट्याचं सारण भरून तिने कडा दाबल्या, जरा जास्तच जोरात.

मेथोडी तसाच होता. स्वतःच्या जमिनीचं कुंपण हद्दीच्या हातभर आत घातलेलं. रस्त्यावर ऐंशीची पाटी असली की हा साठने चालवणार, मागे ट्रकांची रांग. रेडिओवर पाचाचा कायदा ऐकला त्याच संध्याकाळी त्याने झाळायचं सामान काढलं. तेव्हापासून मूसच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीचे दिवस आले की दुकानदार गार्थ भर गिऱ्हाइकांत विचारायचा, "काय मेथोडी, पाच पुरतात ना? का सहाव्या गोळीसाठी मूसलाच थांबायला सांगतोस?" मेथोडी हसायचा आणि मीठ घेऊन घरी यायचा.

एका साली जखमी मूस खरोखरच सहाव्या गोळीअभावी झाडीत निघून गेला. दिवसभर माग काढूनही सापडला नाही. गार्थने आपल्या शिकारीतली तंगडी पाठवून दिली. पारास्काने ती कुत्र्याला घातली आणि हिवाळा बटाट्यांवर काढला.

"बाबांनी कुणाला विचारलं का नाही?"

"कुणाला? पोलिसाला?" पारास्का उसळली. "तुझ्या आजोबांना या देशाने पहिल्या महायुद्धात शत्रू ठरवून काटेरी तारेच्या छावणीत घातलं होतं, ठाऊक आहे ना? गुन्हा काय, तर जुन्या गावाहून आणलेले कागद ऑस्ट्रियाचे! सुटल्यावरही दर महिन्याला ठाण्यात हजेरी. मरताना मुलाला सांगून गेले, देतील त्याहून कमी घे आणि विचारायला म्हणून त्यांच्या दारात जाऊ नकोस. तुझे बाबा नाही गेले. झालं?"

"मी त्यांना नावं नाही ठेवत गं."

"तू नाही. उद्या गार्थ येईल ना जेवायला! त्याला कळलं तर? एवढी वर्षं हसला ते बरोबरच होतं म्हणेल. थडग्यावर जाऊन हसेल मेला."

लेस्याने पकड हातात घेतली. "मग काढू का नको पट्ट्या?"

पारास्काने एक क्लिप उचलून खिडकीपाशी नेली. झाळ कशी गुळगुळीत होती! कुठे थेंब नाही, कुठे ओरखडा नाही. भीतीने केलेलं काम असं दिसत नाही, असं तिला वाटलं. पण नवरा भीत होता हेही तिला ठाऊक होतं.

"हिची काढ. एकीचीच. बाकीच्यांना हात लावलास तर बघ."

लेस्या क्लिप आणि रायफल घेऊन कोठाराच्या मागे गेली. दर शरदात शिकारीआधी मेथोडी तिथेच, मुरमाच्या ढिगावर, रायफल पारखायचा. पारास्का पाण्याला आधण आणून ठेवायची. पाच बार, मग टिंग. टिंग ऐकली की वारेनिकी पाण्यात. तो हात धुऊन टेबलाशी येईतो त्या वर तरंगलेल्या असायच्या.

आज तिने तसंच वारेनिकीचं ताट पातेल्यावर धरलं.

पहिला बार झाला. कुत्रं उठून दाराशी गेलं. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला तिचा हात आपोआप कलला आणि वारेनिकी पाण्यात गेल्या. टिंग झाली नाही.

सहावा बार झाला. रिकामं ताट धरून पारास्का उभी राहिली. सातवा. मग बराच वेळ काहीच नाही. लेस्या तिकडे डोळे पुसत असावी. मग आठवा. आणि टिंग.

लेस्या आत आली, क्लिप टेबलावर ठेवली. अजून गरम होती. पारास्काने ती पदरासारख्या धरलेल्या एप्रनच्या टोकात घेतली आणि खिडकीत पट्टीवाल्या क्लिपांच्या शेजारी मांडली.

"उद्या गार्थ आला की मीच सांगेन त्याला," ती म्हणाली. "आठ चालत होती. माझा माणूस पाच वापरायचा."

मग तिने झारा घेतला. वारेनिकी फुटायला आल्या होत्या. त्यातल्या त्यात धड असलेल्या तिने वेचून, चाळिसावा होईतो टेबलावर रोज मांडायच्या मेथोडीच्या ताटलीत काढल्या.