काळी टोपी, हिरवा केस

“काळी टोपी, हिरवा केस,
वाकून येतो दारी,
गवत म्हणुनी उपटू नको गं,
पाहुणी आली घरी.”

मारोईची पात चिरता चिरता आई हे गुणगुणायची. थंबाल तेव्हा सात वर्षांची. पोरांना रमवायचं गाणं, एवढंच तिला वाटे. टोपी कसली, केस कुणाचा, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि मग विचारायला आई उरली नाही.

विचारणार तरी कशाला? इंफाळच्या खोऱ्यात मारोई बियांपासून लावतो कोण? लसणाच्या वासाची ती चपटी पात प्रत्येक परसात बेट करून असतेच. बेट फोडायचं, मूठभर मुळं दुसरीकडे खोचायची, झालं. चाळिशी उलटली तरी थंबालनं तिचं नुकतं उगवलेलं रोप पाहिलं नव्हतं.

गेल्या शरदात मात्र नदी परसात शिरली आणि चार दिवस हलली नाही. गल्लीतली सगळी बेटं कुजली. राहिलं ते कुंपणापलीकडच्या बिलासिनीचं. तिचं परस उंचावर. आणि बिलासिनीशी थंबालची सासू लांधोनी अकरा वर्षं बोलत नव्हती. एका लग्नाच्या पंगतीत बिलासिनी चारचौघींत म्हणून गेली होती, “लांधोनीची मारोई चवदार लागायचीच. माझ्याच कुंपणातून उपटून नेलेली ना!” लांधोनी पानावरून उठली ती उठलीच.

“एरोम्बाचं भरीत मारोईवाचून खाईन, पण तिच्याकडे एक पात मागणार नाही,” ती म्हणायची.

पुराआधी खुडलेलं चमचाभर काळं बी तिनं बांबूच्या नळीत जपलं होतं. थंडी सरल्यावर ते सगळंच्या सगळं वाफ्यात पेरलं. चैराओबाला, नव्या वर्षाच्या दिवशी, आपल्या परसात आपली मारोई उभी असावी, बोटभर का होईना, एवढाच तिचा ध्यास. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून राखण सुनेकडे.

“वाफ्यात तण माजू देऊ नकोस हं.”

थंबालनं दिलं नाही. पंधराव्या सकाळी वाफाभर बारीक, दोऱ्यासारखं गवत दिसलं. तिनं उकिडवं बसून एकूण एक काडी उपटली. हात झटकला, तर एक काडी नखाला चिकटून राहिली. मान वाकलेली. शेंड्यावर काळा दाणा, टोपीसारखा.

आईचा आवाज आला, अगदी कानाशी.

तिनं ढिगातल्या काड्या एकेक करून पुन्हा मातीत खोचल्या, ओंजळीनं पाणी घातलं. दुपारपर्यंत सगळ्या आडव्या झाल्या.

“आलं का गं काही?” लांधोनीनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

“अजून नाही, इमा.” सासूला ती इमा, म्हणजे आई, म्हणे.

तिसऱ्या दिवशीही तेच, आठव्या दिवशीही तेच. म्हातारी वाफ्याशी येऊन बसायची, मातीवरून तळवा फिरवायची, झोपल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. चैराओबा दोन दिवसांवर आला तेव्हा तिनं तळवा उचलून पदराला पुसला.

“नाही यायचं आता. बी चांगलं होतं गं. माझ्याच हाताला यश नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे.”

थंबालला ते ऐकवेना. “इमा, तुमच्या हाताला यश होतं. वाफा भरून आलं होतं. मी उपटलं.”

“काय उपटलंस?”

“सगळं. गवत वाटलं मला.”

“एकही नाही ठेवलंस?”

“एक नखाला चिकटलं होतं.”

“फार उपकार केलेस!” लांधोनी म्हणाली. “आणि इतके दिवस माझ्याकडून माती कुरवाळून घेतलीस?”

“सांगायची लाज वाटली.”

“लाज,” म्हातारी स्वतःशीच म्हणाली. तो शब्द तिनं दोनदा तोंडात घोळवला. मग हात पुढे केला. “ऊठ. मला कुंपणापर्यंत ने.”

पलीकडे बिलासिनी सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “काय गं थंबाल, आज सासूबाईंना वारा खायला आणलंस? इकडचा वारा सोसतो का त्यांना?”

“तिला काय विचारतेस? मी समोर उभी आहे,” लांधोनी म्हणाली.

सूप थांबलं.

लांधोनीनं कुंपणाचा बांबू दोन्ही हातांनी धरला. “लग्न होऊन आले, तो पहिलाच पावसाळा होता. नवी सून, कुणाकडे काही मागायची लाज वाटायची. पहाटे आले, इथेच, या कोपऱ्याशी. खरं बोलली होतीस तू, बिलासिनी. तुझ्याच कुंपणातून उपटली होती मी.”