दांडी, जिना, चूल

"हे काय आणलंय तुम्ही?" त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"गिटार," शीला म्हणाली.

"ते दिसतंय मला. भजनाच्या स्पर्धेत?"

"मग? वरातीला आणलेली नाही."

मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी दोघी फिस्सकन हसल्या आणि बायजाबाईंनी डोळे वटारताच गप्प झाल्या. ठाण्यातल्या त्या सभागृहाच्या दाराशी टेबल टाकून नोंदणी चालली होती. त्र्यंबकराव स्पर्धेचे प्रमुख. पंचेचाळीस वर्षं पेटी शिकवलेला माणूस. डोंबिवलीचं रेणुका महिला भजनी मंडळ त्यांच्यासमोर सलग सातव्या वर्षी उभं होतं आणि आधीच्या सहा वर्षांत त्यांना साधं उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नव्हतं. बायजाबाई मंडळाच्या मुख्य गायिका. यंदा ढाल न्यायचीच, असा त्यांनी चंग बांधला होता.

पण मंडळाची पेटी मुकी झाली होती. ती वाजवणाऱ्या नयनताईंना आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली आणि मुलगा त्यांना टिटवाळ्याला आपल्या घरी घेऊन गेला. दुसरी पेटीवाली काही मिळेना. मोबाइलमधल्या सूरपेटीवर गाऊन पाहिलं, तर बायजाबाई वैतागल्या. "मेलं ते यंत्र एकाच सुरात भुणभुणतंय. माझ्याबरोबर वर-खाली कोण येणार?" तेव्हा शीलाने घरातली गिटार आणली.

शीला काही वादक-बिदक नव्हती. एकतीस वर्षं ती डोंबिवलीत लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करत आली होती. गिटार तिच्या मुलीची. बोटं दुखतात म्हणून सान्वीने तीन महिन्यांत क्लास सोडला आणि दुसऱ्याच दिवशी शीला तिथे जाऊन म्हणाली, "तिच्या जागी मी बसते." शिकवणारा नेविल सत्तावीस वर्षांचा. बाई गंमत करतायत असं त्याला वाटलं. मग त्याने तिच्या डाव्या हाताची बोटं दाबून पाहिली. कापडाखालून सुईची टोकं झेलून झेलून ती कधीच निबर झाली होती.

"आंटी, तुमची बोटं तर रेडीमेड आहेत," तो म्हणाला. "हे बघा, ह्याला ओपन कॉर्ड बोलतात. दोन-तीन तारा दाबायच्या, बाकीच्या मोकळ्या ठेवायच्या. सगळ्या एकदम छेडल्या की भरलेला सूर येतो. अशा सात-आठ जमल्या ना, अर्धी दुनिया वाजवाल तुम्ही."

"मग ती मागची पोरं 'काउबॉय, काउबॉय' करून हसतात कशाला?"

"ह्याच कॉर्डना तसं बोलतात. काउबॉय कॉर्ड. म्हणजे गुराख्यालापण जमेल अशा. भाव खातायत ती, तुम्ही लक्ष नका देऊ."

शीलाने लक्ष दिलं नाही, नावं मात्र बदलून टाकली. नाहीतरी ती इंग्रजी अक्षरं तिच्या डोक्यात टिकत नव्हती. डी कॉर्डला तीन बोटांचा त्रिकोण होतो, ती झाली चूल. जी कॉर्डला बोटं पार दोन टोकांना ताणावी लागतात, ती कपडे वाळत घालायची दांडी. सी तिरकी चढत जाते, म्हणून जिना. एमध्ये तीन बोटं दोन पट्ट्यांमधल्या एकाच घरात अंग चोरून बसतात, ती शेअर रिक्षा. आणि ई मायनरला दोन बोटं शेजारी-शेजारी, सूर मात्र रडवा, म्हणून जावा-जावा. दोन महिन्यांत ती हसणारी पोरंसुद्धा एकमेकांवर ओरडू लागली, "अबे, रिक्षा पकड, रिक्षा!" एफला अख्खं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकावं लागतं. ती भिंत. भिंतीच्या वाटेला शीला गेलीच नाही, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

"नियम वाचले नाहीत का?" त्र्यंबकराव विचारत होते. "साथीला पेटी, तबला किंवा पखवाज, आणि टाळ. यात गिटार कुठे आहे?"

"गिटार नको असं तरी कुठं लिहिलंय?"

 त्र्यंबकरावांनी बायजाबाईंकडे वळून विचारलं, "कोणत्या सुरात गाता आपण?"

"काळी चार."

त्र्यंबकराव हसले. "मग प्रश्नच मिटला. हिच्या मोकळ्या तारांत काळी चार नाही. मलाही या वाद्यातलं थोडं कळतं, बाई."

कळत होतं हे खरं. मोकळ्या तारांचे सूर ठरलेले असतात, गाणारीचा गळा कुठे आहे याची त्यांना पर्वा नसते. शीलाने पिशवीतून नेविलने दिलेला चिमटा काढला, गिटारच्या पहिल्या घरात सगळ्या तारांवर आवळला, तशा सगळ्या तारा अर्ध्या सुराने चढल्या; मग तिने त्याच्यापुढे दांडी धरली आणि तारा छेडल्या.

"दाबा तुमची काळी चार."

शेजारी कुणाची तरी पेटी होती. त्र्यंबकरावांनी भाता मारून काळी चार दाबली. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले आणि रांगेतल्या बाया टाचा उंचावून बघू लागल्या.

"ही पळवाट झाली," ते म्हणाले.

"वाट झाली ना? बास."

त्र्यंबकराव दुष्ट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "सूर लागलाय, हे मी नाकारत नाही. पण आज तुम्हाला सूट दिली, तर उद्या कुणी ड्रम आणेल. आमचा पेटीवादक तुम्हाला साथ करेल, रीतसर गुण मिळतील. गिटारच हवी असेल, तर स्पर्धेबाहेर गा. गुण नाहीत, बक्षीस नाही. ठरवा."

बायजाबाईंनी शीलाचा दंड धरून तिला खांबाआड नेलं. "शीला, आजच्या दिवस टाळ घे ना गं. सहा वर्षं आपण हात हलवत परत गेलेलो. मी काय जन्मभर गाणारे का?"

शीलाने दंड सोडवून घेतला.  "टाळ दुसरीला द्या. तुम्ही गा पेटीवर, मी खाली नयनताईंजवळ बसते, आल्यायत त्या ऐकायला. रुसत नाहीये मी. पण सात महिने रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर कोण वर-खाली येत होतं? तेव्हा ह्यांचा पेटीवाला आलेला का डोंबिवलीला?"

 आत मंचावर मांडलेली ढाल दारातून दिसत होती. बायजाबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि तडक टेबलाशी गेल्या.

"पेन द्या." त्यांनी मंडळाच्या नावावर स्वतःच्या हाताने रेघ मारली. "स्पर्धेबाहेर लिहा. ठळक लिहा."

"बाई, विचार करा."

"सहा वर्षं तुमच्या मनासारखं गायलो. आज आमच्या मनासारखं."

त्यांची पाळी आली तेव्हा परीक्षकांनी कागद मिटून ठेवले. एकाने चहा मागवला, दुसरा मोबाइल काढून बसला. ते बघून शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दांडी धरली आणि तारांवर असा हात मारला की चहावाल्याने वळून पाहिलं. दांडी, जिना, चूल, परत दांडी. बायजाबाईंचा आवाज इतका मोकळा सहा वर्षांत कुणी ऐकला नव्हता. गुणांची भीती नव्हती, चुकायची भीती नव्हती. मागच्या बाया टाळ्यांवर आल्या आणि गजर चढत गेला.

पहिल्या रांगेच्या कडेला नयनताई चाकाच्या खुर्चीत होत्या. मुलगा त्यांना सकाळी टिटवाळ्याहून गाडीने घेऊन आला होता. शीलाने वाजवता वाजवता तिकडे बघितलं. नयनताईंचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. डावा मात्र खुर्चीच्या बाजूला मागे-पुढे, मागे-पुढे चालला होता, पेटी नसताना लयीत भाता मारत होता.

वेळ संपल्याची घंटा वाजली. बायजाबाईंनी गजर खाली आणत शीलाकडे पाहिलं. घंटा पुन्हा वाजली, या वेळी जरा जोरात. त्र्यंबकराव मंचाच्या पायरीशी येऊन उभे राहिले.

नयनताईंचा हात थांबला नव्हता. शीलाने बायजाबाईंना मानेने 'चालू द्या' म्हणून खुणावलं आणि गजर पहिल्यापासून धरला.