दुसरा पाणबुड्या

इंझोरीच्या तलावातल्या जॅकवेलची जाळी बुजली त्याला आज सहावा दिवस होता आणि गावातले नळ सहा दिवसांपासून कोरडे होते. जॅकवेल म्हणजे पाण्यात उभा केलेला सिमेंटचा गोल बुरूज. त्याच्या पोटात तलावाचे पाणी शिरावे म्हणून तळाशी एक लोखंडी जाळी बसवलेली असते; तिच्यावर काठावर माजलेल्या बेशरम झुडपाच्या फांद्या आणि मासेमारीचे फाटके जाळे येऊन बसले, की वरचे पंप नुसतेच घरघरत राहतात. ही जाळी मोकळी करण्यासाठी शिरपूरच्या अन्सारला बोलावणे जावे, यात नवल नव्हते. विहिरींत पडलेल्या पंपाच्या मोटारी वर काढण्याचे काम तो बावीस वर्षे करीत होता. नवल होते ते सरपंच राखीताईंनी घातलेल्या अटीचे.

"अन्सारभाई, एकट्यानं उतराचं नाई. वरून कागद आला हाय. दोन पाणबुडे असतीन तरच काम करा म्हनते."

"त्या कागदाले पोहता येते का ताई?"

बुरुजाकडे जाणाऱ्या अरुंद पुलावर उभी असलेली माणसे हसली. राखीताई हसल्या नाहीत. दुसरा पाणबुड्या त्यांनी आधीच बोलावून ठेवला होता. किन्हीराजाचा हरीओम चौतीस वर्षांचा होता. सात वर्षे समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली फिरवून तो नुकताच घरच्या शेतीवर परतला होता. स्वतःचे सिलिंडर शेजारी ठेवून तो पुलाच्या टोकाला शांतपणे बसला होता, आणि त्या शांतपणाचाच अन्सारला अधिक राग आला.

"समुद्रात एकट्याले कोनी उतरूच देत नाई, चाचा," हरीओम म्हणाला. "आपली हवा संपली, तं सोबत्याच्या सिलिंडरची दुसरी नळी तोंडात धरता येते."

"अन् त्याचीच संपली तं?"

"मंग त्यानं तुमची धरावी."

"म्हंजे माही बी संपनार."

"दोघं मिळून वर येतो ना. खाली मुक्काम थोडीच कराचा हाय?"

"समुद्रात उजेड रायते, बाबू. इथं डोळ्यासमोरचा हात दिसत नाई. आंधळ्याले आंधळा सोबती देऊन काय फायदा?"

युक्तिवाद बिनतोड होता, निदान अन्सारला तसे वाटले. कमरेची दोरी आवळत असलेल्या पुंजाजीला मात्र तसे वाटले नसावे. बावीस वर्षे अन्सारच्या दोरीचे वरचे टोक या पुंजाजीच्याच हातात असे. एक झटका म्हणजे सगळे ठीक, दोन म्हणजे वर ओढ. झटक्याला झटक्याने उत्तर द्यायचे, एवढीच त्यांची भाषा.

"बावीस वर्सं हा एकटाच उतरून राह्यला म्हनते," पुंजाजी कोणाकडेही न पाहता म्हणाला. "मंग मी काठावर कायले उभा रायतो? सावली पाडाले?"

"तू वर असते. मी खालची गोष्ट करून राह्यलो."

खालची गोष्ट काय आहे, हे त्या पुलावर दोघांनाच ठाऊक होते. अकरा वर्षांपूर्वी मालेगावकडच्या एका विहिरीत अन्सार मोटारीचा साखळदंड सोडवत असताना त्याचा धाकटा भाऊ शाहिद मागोमाग उतरला. त्याने काळोखात अन्सारला मिठी मारली, त्याच्या तोंडातली नळी ओढली. दोघे वर आले तेव्हा एकच जिवंत होता. लोक अन्सारला अहंकारी समजत, आणि त्याने तो समज कधी खोडून काढला नाही. आपल्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या माणसाला आपण जिवंत वर आणू शकत नाही, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा अहंकारी ठरणे त्याला सोपे गेले होते.

अखेर पुंजाजीनेच तोड काढली. अन्सारने पुढे जावे. हरीओमने सिलिंडर चढवून पुलावरून पाण्यात जाणाऱ्या शिडीवर बसावे. पुंजाजीच्या झटक्याला खालून उत्तर आले नाही तर कोणालाही न विचारता त्याने उतरावे. राखीताईंनी नाइलाजाने मान डोलावली. अन्सारही कबूल झाला, कारण उत्तर आले नाही असे त्याच्या माहितीत आजवर कधी घडले नव्हते.

पाणी थंड आणि गढूळ होते. हातभर खोलीनंतर उजेड पिवळा झाला, मग तपकिरी, मग नाहीसाच. बुरुजाची भिंत हाताला लागताच अन्सारचे मन स्थिर झाले. विहिरीत त्याची एक ठरलेली रीत होती: डावा हात भिंतीला लावायचा आणि तळाशी गोल फिरत राहायचे. शोधायची वस्तू कुठेही असो, एका फेऱ्यात पायाला लागतेच, आणि दोरी आपली विहिरीच्या मधोमध मोकळी लोंबत असते. आजही त्याने तेच केले. पहिल्या फेऱ्यात जाळी सापडली नाही, कारण बेशरमाने ती पूर्ण झाकली होती. दुसऱ्या फेऱ्यात हाताला लोखंड लागले. त्याने चाकू काढला आणि काम सुरू केले.

बराच वेळ काम चांगले चालले. फांद्या सुटल्या, गाळ उसळला. मग जाळ्याचा एक मोठा पदर सैल होऊन डोक्यावरून मागे गेला, आणि अन्सारने पुढे सरकू म्हटले तर मान हलेना. जाळे पाठीमागे, सिलिंडरच्या तोटीत अडकले होते. डावा हात तिथवर पोहोचला, पण सोडवू शकला नाही. उजव्या हातातला चाकू तर पोहोचेचना. हवेचा काटा त्याने डोळ्यांना टेकवला, तरी दिसला नाही.

त्याने दोरीला दोन झटके दिले. उत्तर आले नाही. पुन्हा दिले. दोरी ताठ होती, पण मेल्यासारखी.

पुंजाजीला झोप लागली असेल, हा विचार मनात येताच अन्सारने तो टाकून दिला. सूर्य एखाद्या दिवशी चुकेल, पुंजाजी नाही. मग चूक कोणाची? त्याने दोरीवरून मागे हात फिरवला. ती वर जात नव्हती, भिंतीला घासत आडवी जात होती. आणि तेव्हा त्याला कळले. विहिरीत तो भिंतीच्या आत फिरत असे. इथे भिंतीच्या बाहेरून फिरला होता. दोन फेऱ्यांत दोरी बुरुजाला वेढली गेली होती, आणि त्याचे झटके सिमेंटला कळत होते, पुंजाजीला नव्हे.

त्याने हातपाय थांबवले आणि श्वास मोजू लागला. एकटेपणाचा एवढा एक फायदा त्याने आयुष्यभर सांगितला होता, की घाबरायला दुसरे कोणी नसते. आज त्याच्या ध्यानात आले, की सोडवायलाही नसते. सत्तर श्वास झाले. एकशे दहा झाले.

एकशे चौदाव्या श्वासाला दंडावर एक हात पडला.

अन्सारचे सारे अंग आक्रसले. चाकूवरची मूठ आपोआप आवळली गेली. आता हा मिठी मारील, आता नळी ओढील. पण त्या हाताने धरले नाही. तळवा नुसता दंडावर टेकून राहिला, जसा एखादा शेजारी बाजूला येऊन बसावा. मग तो सावकाश मनगटाकडे सरकला आणि तिथे थांबला. अन्सारने आणखी दोन श्वास घेतले. नंतर त्याने मूठ सैल केली, चाकू उलटा केला आणि त्याचा दांडा त्या हातात दिला.

पाठीमागे जाळे कराकरा कापले जाताना जाणवले. मान मोकळी झाली. त्या हाताने अन्सारचा हात दोरीवर ठेवला, आणि दोघेही उलट दिशेने, उजवा हात भिंतीला लावत, एकेक वेढा सोडवत शिडीपाशी आले.

वर ऊन होते. पुंजाजी पुलावरून वाकून पाहत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण जीभ शाबूत होती.

"खुट्याले बांधलेला गोऱ्हा बी एवढा गुंडाळत नाई बे. बावीस वर्सं इहिरीत घातले, अन् आत कोनतं, बाहेर कोनतं, समजत नाई तुले."

अन्सार शिडीवर बसला. तो हरीओमला म्हणाला, "माहा भाऊ असाच मागून आला होता. शाहिद. तो जित्ता वर नाई आला."

"त्याच्यापाशी सिलिंडर होतं, चाचा?"

"नाई. अंगावरच्या कपड्यानिशी उडी मारली. काहून मारली, आजपावतो समजलं नाई."

उत्तर वरून आले.

"म्या सांगतलं होतं त्याले," पुंजाजी म्हणाला. "झटक्याले जवाब येऊन नाई राह्यला म्हनलं. तो म्हने, भाऊ खाली हाय. मी त्याले धराच्या आधीच गेला."

अन्सारने मान वर केली. अकरा वर्षे हा माणूस हीच दोरी धरून काठावर उभा होता, आणि त्याने हे कधी सांगितले नव्हते.

"आज बी तेच म्हनलं तू?"

"तेच. पन आज सिलिंडर चढवलेल्या मानसाले म्हनलं."

राखीताईंनी विचारले, "मंग, काम उद्या करता का?"

"उद्या कायले?" अन्सार म्हणाला. "अर्धी जाळी मोकळी झाली. अर्धी राह्यली." त्याने काटा पाहिला, हवा पुरेशी होती. मग तो हरीओमकडे वळला, आणि दोघांत नवा वाद लागला. हरीओमचे म्हणणे, मनगटावर एकदा दाब म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे वर. अन्सारचे म्हणणे, दोन म्हणजे थांब असावे, कारण वर जायचे ठरवण्याआधी थांबावेच लागते. हरीओमने विचार केला आणि ते मान्य केले. वर जाण्यासाठी तीन ठरले.

"अन् दोरी?" पुंजाजीने विचारले.

"इथूनच सरळ खाली जातो. फिरत नाई. धरून राय."

अन्सार कमरेइतक्या पाण्यात उतरला. त्याने नळी तोंडात धरली, डाव्या हाताने शिडीचा गज पकडला, आणि हरीओम शेजारी पाण्यात येईपर्यंत तो तसाच थांबून राहिला.