चाळीस फुटांवरची बादली

सव्वीस वर्षं मी पोरांना स्थितिज आणि गतिज ऊर्जेतला फरक शिकवतोय. डस्टर उंच धरायचा, म्हणायचं, ही स्थितिज. सोडून द्यायचा, ही गतिज. पाच मिनिटांत धडा खलास. माझ्याइतकं सोपं करून कोणी सांगत नाही, असं मीच चारचौघांत सांगत असे.

मागच्या उन्हाळ्यात मोर्शीजवळच्या आमच्या संत्र्याच्या वावरात नवी विहीर खोदली. साठ फुटांवर झरा लागला. पहिलं पाणी मीच भरणार म्हणून हट्टाने खाली उतरलो. उतरायला शिडी नसते. क्रेनला टांगलेली लोखंडी बादली असते. तिच्यातूनच दगड वर जातो, तिच्यातूनच माणूस. दगडाची बादली वर निघाली की खालच्याने भिंतीतल्या कपारीत शिरायचं आणि वरून हाक येईपर्यंत बाहेर यायचं नाही, एवढा एकच नियम. मी मात्र बाटली घेऊन झऱ्यापाशी मधोमध बसलो होतो.

"सर, इकडं या ना. काहून मंधात बसले?" खाली काम करणारा मनोज कपारीतून ओरडला.

"आलो रे, भरू दे एवढी," मी म्हणालो.

तेवढ्यात वर खाडकन आवाज झाला. बादली दोन हात खाली आली आणि हिसका बसून थांबली. नारळाएवढा दगड माझ्या बाटलीवर पडला. मनोजने माझी कॉलर धरून मला कपारीत ओढलं.

"हालू नोका!" वरून क्रेनवाला कुंदन ओरडला. "गेर तुटला. बादली निस्त्या ब्रेकवर हाये."

कपार दीड हात खोल. पाय आत घेतले तर डोकं बाहेर. समोर वीस फूट रुंद तळ, वर ताटाएवढं आभाळ, आणि त्या आभाळाच्या मधोमध तीन क्विंटल दगड. चाळीस फूट उंच. सवयीने मी हिशेब केला: छत्तीस हजार ज्यूल. आकडा बरोबर होता. त्याचा उपयोग शून्य होता. मला भीती वाटत होती, लाज सोडायला लावणारी भीती. बाहेर जायचं तर बादलीच खाली यायला हवी होती, आणि ती खाली येण्याचीच मला धास्ती होती.

मनोज शांतपणे तंबाखूचा खर्रा चघळत होता. "कुंदनभाऊ हाये वर," एवढंच म्हणाला.

तेव्हा मला कुंदन आठवला. क्रेनवरचा नव्हे, नववीतला. एकोणीस वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेत होतो. सहामाहीत हाच फरक विचारला होता. कुंदनने लिहिलं होतं: 'वर टांगलेला दगड खालच्या माणसाले भेव देते ते स्थितिज. पडला का गतिज.' मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं, वऱ्हाडी हेल काढून. पोरं पोट धरून हसली. पाचपैकी भोपळा दिला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही.

"सोडून राहिलो हळूहळू," वरून आवाज आला. "भिताडाले चिपकून राहा."

बादली वीतभर उतरली. थांबली. पुन्हा वीतभर. ब्रेकच्या जळक्या पट्ट्याचा वास तळापर्यंत आला. डस्टर सोडला की तो पडतोच. तो असा उतरवता येतो, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. अर्धा तास लागला. बादली पाण्यात टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

गिअर बदलायला आणखी दोन तास गेले. मग त्याच बादलीत बसून, साखळी दोन्ही हातांनी आवळून, आम्ही वर आलो. कुंदनचे हात ब्रेकच्या दांड्याने सोलून निघाले होते. मी ते हातात घेतले.

"कुंदन, नववीतलं तुझं उत्तर बरोबर होतं रे. मी चुकलो. पाचपैकी पाच."

त्याला आठवायला वेळ लागला नाही.

"ते माह्यं नोतं, सर. माह्या बापाचं होतं. मले समजत नोतं तं त्यानं विहिरीवर बसून समजावून सांगितलं. सारे हासले, हे मी घरी जाऊन सांगितलं." त्याने हात सोडवून घेतले. "जिथं आपल्या बोलण्यावर हासते तिथं कायले बसतं म्हणे. दुसऱ्या दिवशी संग घेऊन आला कामावर."

त्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलांची नोंद मीच केली होती. कुंदनच्या नावापुढे, कारणाच्या रकान्यात, मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: घरची गरिबी.