मावशीची बादली

“अंगावरून पांढरं जात होतं, तर त्यावर काय केलंस?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. खाटेवरच्या गरोदर मुलीनं उत्तराआधी आईकडे पाहिलं.

आई म्हणजे याच दवाखान्यातली सफाईवाली. सगळे तिला मावशी म्हणत. तिनं पुसलेल्या फरशीवर ताटाशिवाय जेवावं, अशी तिची ख्याती, आणि ती तिला पुरेपूर ठाऊक. सिस्टरांनाही ती दारात अडवायची, “चपला काढा बाई, आत्ताच पुसलंय!”

“आईनं औषध दिलं होतं,” मुलगी म्हणाली. “पाण्यात घालून आतून धुवायला. रोज.”

“कसलं औषध?”

मावशीनं कोपऱ्यातल्या फरशी पुसायच्या औषधाच्या बादलीकडे बोट दाखवलं. “हेच. जखमाही धुतात ना यानं? मी पाणी भरपूर घातलं होतं हो बाई. वास येतो म्हणाली. सफाईवालीच्या घरात वास, म्हटलं कुणाला कळायला नको.”

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, “मावशी, ती जागा आतून आपली आपण स्वच्छ राहते. बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की झालं. औषधानं चांगले जंतू मरतात नि वाईट माजतात. वास आला तेव्हाच तिला आणायचं होतंत, गोळ्यांनी बरं झालं असतं. यानंच वेळेआधी पाणमोट फुटली असं छातीठोक नाही सांगत मी. पण धोका वाढतो.”

तपासणीची खोली मावशी रोज पुसायची. तिथवर लेकीला आणायची तेवढी तिला लाज वाटली होती.

सातव्या महिन्यातच जन्मलेलं मूठभर पोर काचेच्या पेटीत ठेवलं. मावशी दारातूनच बघायची.

“आई, हात धुऊन जा ना आत. लावू देतात हात.”

“नको. माझे हात नकोत त्याला.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आईला ती एका शब्दानं बोलली नाही, आणि मावशीला तेच जास्त लागलं.

दुपारी पेटीत दुसरं बाळ यायचं होतं. सिस्टर घुटमळली. “मावशी, पेटी पुसायला दुसऱ्या कुणाला सांगते.”

“कुणाला येतंय इथं धड पुसता?”

तिनं बादलीत औषध ओतलं, फडकं पिळलं, काच आतून-बाहेरून लख्ख केली. आतलं दुपटं तेवढं धुण्याच्या ढिगात टाकायचं राहिलं. त्यावर दुधाचा एक वाळका डाग होता. मावशीनं त्याची घडी केली आणि न धुताच लेकीच्या उशाशी नेऊन ठेवली.