वस्तरा खाली ठेवून

माझी कादंबरी सगळ्यात आधी ऐकली ती मास्तरांनी, आणि ऐकताना त्यांच्या दोन्ही गालांवर फेस होता. माझं सलून आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे, एक बाक. सव्वीस वर्षं लोकांच्या डोक्यांवरून हात फिरवता फिरवता माझ्याच डोक्यात एक कादंबरी शिरली, आणि चार वर्षं खपून मी ती लिहून काढली. एका घरात राहणाऱ्या दोन बहिणी आणि त्यांच्यातला पंधरा वर्षांचा अबोला. एकमेकींना निरोप द्यायचा तर तो मांजराला सांगायचा. "मांजरा, तिला म्हणावं साबण संपलाय."

प्रकरण लिहून झालं की मी ते आरशाला टेकवून ठेवायचो आणि गिऱ्हाइकाची दाढी करता करता वाचून दाखवायचो. पान संपलं की विचारायचो, "कसं वाटलं?" एकानेही नावं ठेवली नाहीत. सगळे अभिप्राय मी वहीत उतरवून घेतले. वही भरली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो. बायको म्हणायची, "अहो, एखाद्याला तरी आवडली नसेल की!" मी तिच्यापुढे वही आपटायचो.

तीच वही घेऊन मी प्रकाशक बाईंकडे गेलो. त्यांचं ऑफिस छापखान्याच्या वर. खालचं मशीन सुरू झालं की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरतो. हस्तलिखित मी महिन्यापूर्वीच देऊन आलो होतो.

"मला बरी वाटली," बाई म्हणाल्या. "पण नवा लेखक म्हटलं की मी जरा बिचकते. म्हणून मी आधी वाचकांचे अभिप्राय मागते. मलपृष्ठावर छापायला, आणि माझी मला खात्री पटायला."

मी ऐटीत वही सरकवली. त्या मोठ्याने वाचू लागल्या, "'छान.' 'फार छान.' 'हं, छान.' 'छान आहे हो, सावकाश.'" त्या थांबल्या. "सावकाश म्हणजे?"

"कथेच्या वेगाबद्दल असेल."

"ऐकवलंत कुठे?"

"दुकानात. दाढी करताना. तेव्हा माणूस अगदी एकचित्त असतो, जागचा हलत नाही."

बाईंनी चष्मा काढला आणि इतक्या हसल्या की काय झालं ते बघायला खालून मशीनवाला वर आला. "अहो, गळ्यावर वस्तरा असताना कंटाळा आला म्हणायची कोणाची छाती होईल?"

माझं तोंड उतरलं. सव्वीस वर्षं वस्तरा हातात धरून माझ्या हे ध्यानात येऊ नये!

"वस्तरा खाली ठेवून एकदा विचारा," बाई म्हणाल्या. "मीही येऊन बसते. माणसं खरंच गुंतलेली दिसली तर छापते. नाही तर हस्तलिखित परत न्या."

घरी येईपर्यंत मला आधी गिऱ्हाइकांचा राग आला, मग बाईंचा, शेवटी स्वतःचा. बायकोला सांगितलं तर तीही हसली. मग म्हणाली, "बोलवा की सगळ्यांना. भ्यायचं काय त्यात?" पण मी भ्यालो होतो. चार वर्षांचं काम जिवाच्या भीतीने गोड मानून घेतलं होतं असं निघालं, तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या गालाला हात कुठल्या तोंडाने लावायचा?

सुट्टीच्या वारी दारावर पाटी लावली, "आज दाढी-कटिंग बंद. फक्त वाचन, चार वाजता." वस्तरे, कात्र्या कपाटात घातल्या आणि किल्ली बायकोकडे दिली; तीही ऐकायला आली होती. चार वाजले. बाई बाकाच्या टोकाला येऊन बसल्या. आणखी कुणाचा पत्ता नाही. सव्वाचारला मास्तर आले, मागोमाग हाताला पीठ लागलेला बेकरीवाला, मग पोस्टमन, असं करत सातजण जमले. मी शेवटची प्रकरणं वाचली. धाकटीला परगावी नोकरी लागते. ती पेटी उचलते, मांजराला "येते" म्हणते आणि निघून जाते. थोरली खिडकीत उभी राहून काच पुसत राहते.

तासाभराने मी कागद खाली ठेवले. "कसं वाटलं?"

"मधला भाग फार लांबलाय," मास्तर म्हणाले. "आणि ते चांदण्याचं वर्णन काढा. माझा डोळा लागला होता."

"मला पहिली तीन प्रकरणं अजून माहीत नाहीत," बेकरीवाला म्हणाला. "दर वेळी कानात फेस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाईंकडे बघायची हिंमत होईना. संपलं सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात पोस्टमन बोलला. माझ्या खुर्चीत हा माणूस कधी 'हं'च्या पुढे गेला नव्हता. "काही म्हणा, धाकटीने न सांगता जायला नको होतं."

"का नको?" मास्तर उसळले. "पंधरा वर्षं थोरलीने तोंड उघडलं नाही आणि चूक धाकटीची?"

"रोज तिचं ताट झाकून ठेवायची ती! ते नाही दिसलं तुम्हाला?"

"ताट झाकलं म्हणजे उपकार केले का?"

"ताठा आहे हो थोरलीला," बेकरीवाला म्हणाला. "अगदी आमच्या मेव्हणीसारखा."

"ताठा कसला?" माझी बायकोसुद्धा मध्ये पडली. "स्वच्छ काच कोणी उगाच पुसतं का? रडत होती ती!"

बघता बघता दोन तट पडले. मास्तर उभे राहिले, बेकरीवाल्याच्या हातवाऱ्यांनी पीठ उडायला लागलं. एवढ्या गदारोळात 'छान' कुणीच म्हटलं नाही. कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं. मी घसा खाकरला. "हे बघा, धाकटीच्या मनात तसं काही नव्हतं. तिला खरं तर..."

"तुम्ही जरा गप्प बसा हो!" पोस्टमन माझ्यावर खेकसला. "तुम्हाला काय माहीत तिच्या मनात काय होतं!"

कुणालाच हसू आलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. मी गप्प बसलो. इतका आनंद मला आयुष्यात कुणी गप्प केल्यामुळे झाला नव्हता.

बाईंनी पोस्टमनचं ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. "मलपृष्ठावर हेच छापते," त्या म्हणाल्या, आणि बाक पुढे ओढून थोरलीच्या बाजूने भांडायला लागल्या.